दहा गट, आणि त्यातला चौथा

४५ जणी. ९९७ पैकी ४५, म्हणजे शंभरात साडेचार. त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारे प्रथिन, असलेल्या होत्या. डॉक्टर ज्यांना ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणतात आणि ते ऐकून नातेवाइकांच्या जिवात जरा जीव येतो, त्या प्रकारच्या. जनुकांच्या एक्स्प्रेशनवरून, म्हणजे कोणते जनुक किती काम करते यावरून, तेव्हा जी वर्गवारी प्रचलित होती तिच्यात या स्त्रिया ‘ल्युमिनल ए’ आणि ‘ल्युमिनल बी’ अशा दोन डब्यांत पांगलेल्या होत्या. आजूबाजूला शेकडो सौम्य केसेस, त्यात या मिसळून गेलेल्या. पण त्यांना वेगळे काढून जगण्याचा आलेख मांडला तर तो घाटातून सुटलेल्या दगडासारखा खाली येत होता.

त्यांना वेगळे काढले ते क्लस्टरिंगने, म्हणजे आकड्यांतल्या सारखेपणावरून गट पाडण्याच्या रीतीने, आणि तेही एका मोजमापावर नव्हे, दोन मोजमापांवर एकत्र चालवलेल्या क्लस्टरिंगने. अनेक स्रोतांतला डेटा एकत्र आणून गट पाडायचे म्हणजे काय करायचे, हे कोणी विचारले की मी हेच प्रकरण काढून बसतो. यात पद्धतीचे यश दिसते आणि पद्धत कुठे तोंडावर पडू शकते तेही दिसते.

अभ्यासाचे नाव मेटाब्रिक. २०१२ मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला. पहिल्या लेखिका क्रिस्टिना कर्टिस; धुरा कार्लोस काल्डास आणि सॅम्युएल अपारिसिओ यांच्याकडे. ब्रिटन आणि कॅनडातल्या संग्रहांत गोठवून जपलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे दोन हजार गाठी त्यांनी घेतल्या. त्यातल्या ९९७ गट शोधायला वापरल्या आणि ९९५ पडताळणीसाठी बाजूला ठेवल्या. प्रत्येक गाठीची दोन मोजमापे केली. पहिले डीएनएचे: साधारणपणे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, पण गाठीत कुठे आठ-दहा होतात, कुठे एकही उरत नाही. याला कॉपी नंबर म्हणतात. दुसरे आरएनएचे: कोणते जनुक किती जोरात काम करते आहे, म्हणजे एक्स्प्रेशन. पहिल्यासाठी अफिमेट्रिक्सची एसएनपी ६.० चिप, दुसऱ्यासाठी इल्युमिनाची एचटी-१२.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. ‘अनेक स्रोत’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. एका अर्थात पेशंट तेच, मोजमापे वेगवेगळी: तक्त्याच्या ओळी सारख्या, रकाने निराळे. इथे स्रोतांमधला फरक हीच आपली पुंजी. दुसऱ्या अर्थात मोजमाप तेच, पण नमुने निरनिराळ्या इस्पितळांतून आलेले: रकाने सारखे, ओळी निराळ्या. इथे स्रोतांमधला फरक ही घाण, ती आधी धुऊन काढावी लागते. मेटाब्रिकमध्ये दोन्ही होते. नमुने पाच ठिकाणचे आणि मोजमापे दोन. एकदा माझ्या कामात तीन फार सुबक गट निघाले होते. दोन दिवस आम्ही खूश होतो. तिसऱ्या दिवशी नमुना कुठून आला तो रकाना समोर धरला, तर ते तीन गट म्हणजे तीन प्रयोगशाळा निघाल्या. तेव्हापासून कुठलेही क्लस्टर पदरात पडले की पहिला तक्ता मी गट आणि ठिकाण यांचाच काढतो.

आता मूळ प्रश्न. दोन तक्ते आहेत, ओळी त्याच आहेत. शेजारी शेजारी चिकटवून एकच लांब तक्ता का करू नये?

करून बघा. समजा एक्स्प्रेशनचे आकडे लॉगमध्ये आहेत आणि त्यांचा पसारा साधारण १ आहे. कॉपी नंबरचेही लॉगमध्ये, पण पसारा ०.२. दोन गाठींमधले अंतर काढताना फरकाचा वर्ग होतो, म्हणजे एकीकडे १ आणि दुसरीकडे ०.०४. रकाने दोन्हीकडे तेवढेच असले तरी एक्स्प्रेशनचा शब्द पंचवीस पट जड. बळी तो कान पिळी! मग आपण प्रत्येक रकाना एका मापात आणतो आणि प्रश्न सुटला असे समजतो. तो सुटत नाही, फक्त उलटा होतो. कॉपी नंबरमध्ये शेजारची जनुके बहुतेक वेळा एकत्रच वाढतात किंवा एकत्रच गळतात, कारण गुणसूत्राचा अख्खा तुकडा हलतो. एका भुजेवरची पाचशे जनुके म्हणजे पाचशे साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार पाचशे वेळा बोलतो आहे. मापे सारखी केली की त्याच्या पाचशेही वेळा मोजल्या जातात. चिकटवलेला तक्ता ही आवळ्याची मोट आहे, आणि ती कुठल्या बाजूने सुटणार हे आकड्यांच्या मापावर ठरते, जीवशास्त्रावर नाही.

दुसरा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक स्रोताचे वेगळे गट पाडायचे आणि शेवटी जुळवाजुळव करायची. यात कोणी कोणाचा कान पिळत नाही हे खरे. पण प्रत्येक स्रोत दुसऱ्याशी बोलण्याआधीच आपला निकाल लावून मोकळा होतो. एखादी खूण दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे मंद आहे, अशी असेल तर ती पहिल्याच फेरीत दोन्ही ठिकाणी बाद होते. त्या ४५ जणींसारख्या गटासाठी हीच धास्ती.

मेटाब्रिकने तिसरा मार्ग घेतला: आयक्लस्टर. रोंगलाई शेन, अॅडम ओल्शेन आणि मार्क लाडान्यी यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत. तिची कल्पना अशी, की प्रत्येक गाठीमागे काही मोजके, न दिसणारे घटक आहेत. डीएनएचा तक्ता आणि आरएनएचा तक्ता या त्याच घटकांच्या दोन सावल्या. घटक दोघांना सामायिक. पण त्या घटकांतून आकडे कसे तयार होतात याची वजने प्रत्येक स्रोताची स्वतंत्र, आणि चुकांचा, गोंगाटाचा हिशोबही प्रत्येकाचा स्वतंत्र. त्यामुळे फक्त एका चिपच्या खोडीमुळे आलेला चढउतार सामायिक घटकात शिरण्याऐवजी बऱ्याच अंशी त्या चिपच्याच खात्यावर पडतो. गट दहा हवे असतील तर घटक नऊ, एकाने कमी. अंदाज आणि सुधारणा अशा फेऱ्या घालत मॉडेल बसवायचे, त्याच फेऱ्यांत बिनकामाच्या जनुकांची वजने दाबून शून्यावर आणायची, आणि शेवटी प्रत्येक गाठीच्या त्या नऊ आकड्यांवर साधे के-मीन्स, म्हणजे जवळच्या केंद्राभोवती गट पाडण्याची जुनी रीत, चालवायचे. शेवटची पायरी अगदी घरगुती आहे. सगळी मेहनत तिच्याआधीची.

मात्र माझ्या मते या प्रकरणात अल्गोरिदमपेक्षा वजनदार निर्णय त्याच्याही आधी झाला, आणि त्याची चर्चा कमी होते. वीस-पंचवीस हजार जनुकांपैकी कोणती आत घ्यायची? नेहमीची रीत अशी की ज्यांच्यात चढउतार जास्त ती घ्या. तसे केले असते तर एक्स्प्रेशनमधला सगळ्यात मोठा आवाज, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे की नाही हा, पुन्हा जिंकला असता आणि जुनेच डबे नव्या झाकणांसह परत आले असते. लेखकांनी आधी तपासले की कोणत्या जनुकांचे एक्स्प्रेशन डीएनएतल्या फरकांशी बांधलेले आहे. उपजत आलेले फरक आणि गाठीत नंतर झालेले बदल मिळून सुमारे ४० टक्के जनुकांशी असा संबंध दिसला, आणि त्यात कॉपी नंबरचा वाटा वरचढ. मग जिथे जनुकाच्या स्वतःच्याच प्रती बदलल्यामुळे त्याचेच एक्स्प्रेशन बदलते, ज्याला सिस परिणाम म्हणतात, अशी निवडक जनुके त्यांनी क्लस्टरिंगला दिली. सरळ भाषेत, ज्या ठिकाणी दोन्ही साक्षीदार एकाच घटनेबद्दल बोलतात तेवढ्याच जागा विचारात घेतल्या. हा निर्णय तटस्थ नाही. गाठीचा स्वभाव डीएनएच्या प्रतींतून ठरतो हा विश्वास त्यात आधीच भरलेला आहे. पण तो विश्वास त्यांनी मोजून कमावला होता, आणि उघडपणे मांडला होता.

निघाले दहा गट. सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही. पाचवा, ९४ जणींचा, हर-टू या पेशींना वाढायला लावणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्यांचा: अपेक्षित, आणि पद्धत शुद्धीवर आहे याची खूण. दहावा, ९६ जणींचा, जुन्या वर्गवारीत बहुतांशी ‘बेसल’ म्हणून माहीत असलेला. तिसरा, १५६ जणींचा, डीएनएची फारशी मोडतोड नसलेला आणि प्रकृतीने सौम्य.

दुसरा गट म्हणजे आपल्या ४५ जणी. त्यांच्यात अकराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक पट्टा अनेक पटींनी वाढलेला होता, आणि त्यातल्या जनुकांचे एक्स्प्रेशनही सोबत चढलेले. या पट्ट्यावरचे सीसीएनडी१ हे पेशीविभाजनाला रेटा देणारे जनुक कर्करोगवाल्यांना आधीपासून ठाऊक होते. नवे होते ते असे, की हा पट्टा आणि त्याची जनुके मिळून रुग्णांचा एक वेगळा, अल्पायुषी गट उभा राहतो, आणि तो ल्युमिनलच्या पोटात दडून होता. क्लस्टरिंगला कोण किती जगले हे सांगितलेले नव्हते. आलेख नंतर काढला. म्हणून त्या आलेखाला साक्ष म्हणून किंमत आहे. तोच आकडा आधी मॉडेलला खाऊ घालून नंतर ‘बघा, किती छान वेगळे झाले’ म्हणणारे निबंध मी इतके वाचले आहेत की हे वाक्य लिहिणे भाग पडले.

आता चौथा. १६७ जणी, म्हणजे दहांतला सगळ्यात मोठा गट. त्याची ओळख काय? तर कॉपी नंबरच्या तक्त्यात जवळजवळ काहीच नाही. गुणसूत्रे सपाट. जणू एका साक्षीदाराने हाताची घडी घातली आणि तो गप्प बसला.

इथे जरा थांबू या. दोन स्रोत एकत्र करताना एक स्रोत गप्प असेल, तर त्या मौनाचेच एक क्लस्टर तयार होऊ शकते. ‘यांच्यात अमुक आहे’ म्हणून एकत्र आलेले आणि ‘यांच्यात तमुक नाही’ म्हणून एकत्र आलेले, यांत फार अंतर आहे. चौथ्या गटात ईआर पॉझिटिव्हही होत्या आणि ईआर निगेटिव्हही. कोणताही डॉक्टर या दोघींना एका बाकावर बसवणार नाही; उपचार वेगळे, वागणूक वेगळी. मॉडेलने बसवले, कारण त्याला दिलेल्या निवडक जनुकांत दोघींबद्दल सांगण्यासारखे थोडेच होते.

तरी हा गट नुसता उरलासुरला गाळ नव्हता, आणि हाच या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा तपशील. त्या सपाट डीएनएत दोन बारीक खळगे होते. एक सातव्या गुणसूत्रावर, एक चौदाव्यावर. दोन्ही जागा टी-सेल रिसेप्टरच्या जनुकांच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, गाठीने इथला डीएनए गमावला. पण टी-पेशी, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीतल्या लढाऊ पेशी, घडत असतानाच त्या जागचा डीएनए कापून नव्याने जोडतात. तुकडे गळणे हा त्यांचा नेहमीचा व्यवहार. म्हणजे खळगे गाठीचे नव्हतेच. गाठीत घुसलेल्या टी-पेशी इतक्या होत्या, की त्यांच्या डीएनएची खूण गाठीच्या मोजमापात उतरली. वड्याचे तेल वांग्यावर निघत होते. आरएनएच्या बाजूने पाहिले तर त्याच गाठींत प्रतिकारशक्तीची जनुके जोरात चाललेली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइटची, म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची, दाटी. नुसता डीएनए पाहिला असता तर ते खळगे गाठीच्या नावावर चढले असते. नुसता आरएनए पाहिला असता तर प्रतिकारशक्तीचा आवाज ऐकू आला असता, पण त्या गाठींची गुणसूत्रे सपाट आहेत हे समजले नसते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर अर्थ लागला. आणि या गटाचा आलेख बरा होता.

पडताळणीचे म्हणाल तर बाजूच्या ९९५ गाठींवर पहिल्या संचातून शिकवलेला वर्गीकारक, म्हणजे नवी गाठ कोणत्या गटातली ते ठरवणारे मॉडेल, चालवला. तिथेही दहाही गट दिसले आणि आलेख बऱ्यापैकी तसेच आले. ही चांगली पडताळणी, पण तिची मर्यादा माहीत असावी. वर्गीकारकाला दहा खण दिले की तो प्रत्येक गाठ कुठल्या तरी खणात टाकतोच; ‘ही कुठेच बसत नाही’ असे तो आपणहून म्हणत नाही. आणखी एक काळाची मर्यादा. या अभ्यासातल्या हर-टू पॉझिटिव्ह स्त्रियांना ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवर नेम धरणारे औषध मिळालेले नव्हते. त्यामुळे पाचव्या गटाचा वाईट आलेख आजच्या पेशंटला दाखवून घाबरवू नये. आणि संग्रह ब्रिटन-कॅनडातले. मुंबईच्या ओपीडीत दहा गटांचे प्रमाण असेच निघेल असे धरून चालू नये.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अमेरिकेच्या टीसीजीए या कर्करोगांचा जनुकीय नकाशा काढणाऱ्या प्रकल्पानेही स्तनाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास छापला. ८२५ पेशंट आणि मोजमापे आणखी जास्त: कॉपी नंबर, मेथिलेशन, एक्सोम, आरएनए, मायक्रोआरएनए, प्रथिने. त्यांनी वर सांगितलेला दुसरा मार्ग घेतला. प्रत्येक स्रोताचे वेगळे गट पाडले, प्रत्येक पेशंट कोणकोणत्या गटात पडला याची हो-नाहीची यादी केली, आणि त्या याद्यांचेच पुन्हा क्लस्टरिंग केले. उत्तर आले चार. आणि ते चार म्हणजे एक्स्प्रेशनवरून आधीच माहीत असलेल्या चार वर्गांच्या फार जवळचे.

रोग तोच, वर्ष तेच, नियतकालिकही तेच. एकीकडे दहा, दुसरीकडे चार. विद्यार्थी विचारतात, मग बरोबर कोण? हा प्रश्न मला बोचतो, कारण त्यात गृहीत आहे की गट डेटात पडलेले असतात आणि आपण फक्त उचलायचे. टीसीजीएच्या पद्धतीने विचारले, ‘सगळ्या स्रोतांत कोणत्या भिंती पुन्हा पुन्हा दिसतात?’ त्याला चार हे उत्तर चोख आहे. मेटाब्रिकने विचारले, ‘डीएनएच्या प्रती बदलल्यामुळे जनुकांचे काम बदलले, अशा किती तऱ्हा आहेत?’ त्याला दहा. त्या ४५ जणी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सुट्या निघणे अवघड होते.

नंतर पद्धती आल्याच. आयक्लस्टरचे आकडे घंटाकृती वितरणाचे असावेत ही अट म्युटेशनच्या हो-नाही डेटाला जमेना, म्हणून २०१३ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. २०१४ मध्ये टोरांटोहून एसएनएफ: प्रत्येक स्रोतातून ‘कोण कोणासारखे’ याचे जाळे विणायचे आणि ती जाळी एकमेकांत मुरवत एकच करायचे. इथे जनुके नाहीत, पेशंटांमधली जवळीकच एकत्र केली जाते, त्यामुळे मापांचा तो वरचा तंटा बराच मिटतो. पण कोणत्या जनुकामुळे जवळीक आली हे मग वेगळे शोधावे लागते. २०१८ मध्ये रॅपपोर्ट आणि शमीर यांनी टीसीजीएच्या दहा कर्करोगांवर अशा अनेक पद्धती शेजारी ठेवल्या. सगळीकडे पहिली येणारी एकही निघाली नाही, आणि काही ठिकाणी एकाच स्रोतावरचे क्लस्टरिंग मागे पडले नाही. स्रोत वाढवले की उत्तर सुधारतेच असे नाही. कधी नुसता गोंगाट वाढतो.

मेटाब्रिकच्या गटांचे पुढे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पेशंटची दोन्ही मोजमापे कुठून आणणार? बहुतेक जुन्या संचांत फक्त एक्स्प्रेशन असते. २०१४ मध्ये नुसत्या एक्स्प्रेशनवरून हे दहा गट ओळखणारी रीत काढून ती ७,५४४ गाठींवर चालवून पाहिली, आणि गट पुन्हा दिसले. म्हणजे शोधायला दोन स्रोत लागले, ओळखायला एकावर बरेचसे भागले. ओळखीचा माणूस गर्दीत पाठमोराही कळतो, तसे.

मग २०१९ मध्ये याच स्त्रियांच्या पुढच्या वर्षांच्या नोंदी घेऊन दुसरा मोठा निबंध आला. ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह स्त्रियांपैकी सुमारे पाव हिस्सा चार गटांत पडत होता: पहिला, दुसरा, सहावा आणि नववा. या चारही गटांत आजार निदानानंतर वीस वर्षांपर्यंत उलटण्याचा धोका सरासरी ४७ ते ६२ टक्के. पाच वर्षे झाली, सुटलो, असे म्हणायची सोय तिथे नव्हती. ४५ जणींचा दुसरा गट त्यात होताच.

आणि चौथा? त्याचे या निबंधात दोन तुकडे केले: चौथा ईआर पॉझिटिव्ह, चौथा ईआर निगेटिव्ह. क्लस्टरिंगने नव्हे, माणसांनी, पॅथॉलॉजीचा तो जुना साधा रकाना वापरून. फरक लगेच दिसला. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या, स्त्रियांपैकी दहाव्या गटातल्यांचा आजार पाच वर्षांनंतर क्वचितच उलटत होता. चौथ्याच्या निगेटिव्ह तुकड्यातल्यांचा मात्र त्यानंतरही उलटत राहिला. तेव्हापासून या कामात गट दहा नव्हे, अकरा मोजतात.